चकतीला दळण

थोरल्या नातीचं लग्न पत्रिका छापून झाल्यावर मोडलं, त्या वर्षी हा लॅपटॉप आमच्या घरी आला. मुलाकडच्यांनी काय कारण दिलं ते इथे सांगत बसत नाही. कारण चांगलं नव्हतं, आणि आमच्या नातीने त्यांना दिलेलं उत्तर त्याहून वाईट होतं. मुद्दा एवढाच की, त्या मुलाचे चारशे फोटो ज्या यंत्रात आहेत ते डोळ्यांसमोर नको म्हणून तिने नवं घेतलं आणि जुनं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "आजी, त्याचे फोटो उडवून टाक आणि वापर," म्हणाली. घरातल्या पोरीचं लग्न मोडावं असं मी कधी म्हणणार नाही. पण ते मोडल्यामुळे माझं तोंड उघडलं, हे मात्र खरं आहे.

कसं, ते सांगते. आमची पिठाची गिरणी होती. एक्केचाळीस वर्षं मी आणि ह्यांनी ती चालवली. मी दाणे ओतायच्या बाजूला, हे मोटारीच्या बाजूला. मोटारीने आधी ह्यांचा उजवा कान घेतला, मग डावा. कानातलं यंत्रही आणून पाहिलं. ते घातलं की ह्यांना परत गिरणी ऐकू यायची म्हणे, आणि गिरणी तर आम्ही विकून टाकलेली. दोन दिवसांनी ते यंत्र बटणांच्या डब्यात गेलं.

गिरणीवाल्यांच्या हाताच्या खुणा असतात. थांब, पट्टा काढ, बारीक कर, जाड कर, डबा भरला. त्या खुणांवर आमचा संसार चालला होता. पण खुणांनी फार तर दहा गोष्टी सांगता येतात. "तुमच्या बहिणीपायी वरचा दगड फुटला आणि तुम्ही नाव माझं घेतलं," ही गोष्ट हाताने सांगता येत नाही. मी तीस वर्षं प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ह्यांना वाटायचं, मी जाड दळायला सांगते आहे.

शेवटी सहासष्टाव्या वर्षी मी नातीकडून अक्षरं शिकले. हे चौथीपर्यंत शाळेत गेलेले, त्यामुळे ह्यांना वाचता येत होतं. पण गिरणीने माझ्या बोटांना असा कंप दिला होता की माझं पेन्सिलीचं अक्षर रांगत कागदाबाहेर जायचं. आणि ह्यांना अंगठ्याएवढ्या अक्षराहून लहान काही दिसायचं नाही. एका वहीत आमची चार वाक्यं मावायची. लॅपटॉप आला आणि हे सगळं एका दमात सुटलं. मी एका बोटाने अक्षरं टिपायची, ती पडद्यावर हवी तेवढी मोठी करायची, हे येऊन वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे.

ह्यांचं उत्तर म्हणजे बहिऱ्या माणसाचं उत्तर. ते तळमजल्यापर्यंत जायचं. माझं बोलणं पडद्यावर, ह्यांचं बोलणं जिन्यात. त्यामुळे आमच्या भांडणाचा अर्धाच भाग लोकांना ऐकू यायचा आणि तो सगळा ह्यांचा. तीन महिन्यांत साऱ्या इमारतीचं मत पक्कं झालं की ही बाई अगदी गाय आहे. तो माणूस एवढा ओरडतो, पण ती चकार शब्द काढत नाही. समोरच्या शिक्षिकाबाई मला भेटल्या की माझा हात हातात घेऊन दाबायच्या. मीही दाबू द्यायचे. खरं सांगायची घाई मला नव्हती.

माझं एकही वाक्य मी पुसलं नाही. आधीचं भांडण पुसलं तर पुढच्याला आधार कशाचा राहणार? दोनशे दहा पानं झाली होती. त्यातली साठ-सत्तर तर नुसत्या फुटलेल्या दगडाची. गोष्ट साधी आहे. गिरणी कधी रिकामी चालवायची नसते. दाणे असले तर दगड दाण्यांवर फिरतो, दाणे संपले तर दगड दगडावर. त्या दिवशी कुणीतरी गिरणी रिकामी चालू ठेवून बाहेर गेलं आणि वरचा दगड तडकला. हे म्हणायचे मी गेले. मी म्हणायचे, ह्यांची बहीण दारात आली म्हणून हे गेले. आता इतक्या वर्षांनी निकाल लागायची लक्षणं दिसत होती, आणि नेमका तेव्हा लॅपटॉप गुरगुरायला लागला.

आधी नुसती गुरगुर होती. मग थरथर सुरू झाली, आणि खालचा भाग इतका तापायचा की मांजर त्याच्या शेजारी येऊन झोपायला लागलं. तो मी कशावर ठेवला होता तेही सांगायला हवं, कारण पुढे त्यावरून माझी शोभा झाली. गिरणीत दाणे ओतायचा जो पत्र्याचा चौकोनी डबा असतो, तो आम्ही आठवण म्हणून आणला होता. तो पालथा घालून मी त्याचं टेबल केलं होतं. त्याची एक कड ह्यांच्या खाटेला टेकायची. मी लॅपटॉप चालू केला की पत्रा थरथरायचा, पत्र्याने खाट, आणि खाटेने हे. मग हे उठून वाचायला यायचे. मला हाक मारावी लागायची नाही. हे सोयीचं आहे एवढंच मला वाटायचं. त्याहून जास्त काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बिघाड ऐकायची आमची एक रीत आहे. लाकडाचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानाला. मी लाटणं लावून ऐकत बसले होते, तेवढ्यात शिक्षिकाबाई आल्या. मी लॅपटॉपवर लाटणं धरून डोळे मिटून बसलेय हे पाहून त्यांना वाटलं, नवऱ्याच्या जाचाने अखेर डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग सल्ला दिला, की खाली ओलं फडकं ठेवा. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, ओलं मुळीच नको, काकू, विटा ठेवा. त्यांचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून ते स्वतःला अर्धे कॉम्प्युटरवालेच समजतात. फडक्याने तीन अक्षरं बंद पडली. त्यात "न" गेला, म्हणून दोन दिवस मला ह्यांच्या एकाही गोष्टीला नाही म्हणता आलं नाही. विटांनी आवाज वाढला. मग मी कुणालाच न विचारता आमची रीत केली. गोणपाटाची चौपदरी घडी लॅपटॉपखाली घातली, जशी मोटारीखाली घालतो. आवाज थोडा दबला आणि ताप दुप्पट झाला. मांजरही उठून गेलं.

शेवटी नातीला फोन केला. तिने सांगितलं, त्यात एक चकती असते, ती मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते आणि तिच्यावर एक सुई हिंडते. झालं, मला सगळं उमगलं. फिरणारी चकती म्हणजे जातंच की. आणि त्या जात्यातले चारशे फोटो मी माझ्या हाताने उपसून टाकले होते. म्हणजे गेले तीन महिने मी गिरणी रिकामी चालवत होते. तापणार नाही तर काय होईल? मी कपाळावर हात मारून घेतला. एक्केचाळीस वर्षं लोकांना जे सांगितलं, तेच मी स्वतः विसरले होते.

आता तिला दळण घालणं भाग होतं, आणि माझ्याकडे दोनशे दहा पानं सोडली तर काही नव्हतं. मी शिक्षिकाबाईंना विचारलं, तुमच्याकडे काही फोटो-बिटो असतील तर टाका ना माझ्या यंत्रात. त्यांनी एकतीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणून टाकल्या. त्यांनी तळमजल्यावर सांगितलं, तळमजल्याने गच्चीपर्यंत सांगितलं. आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी ठेवायला मिळते म्हटल्यावर शिकलेली माणसं किती चपळ होतात, ते मी तेव्हा पाहिलं. कुणाच्या सहली, कुणाची बारशी, कुणाच्या घरबांधणीचे नकाशे, एका गृहस्थांनी तर आपल्या पोटाच्या तपासणीचे सगळे फोटो आणले. सकाळी नऊपासून जिन्यात रांग लागायची. "काकू, दळण आणलंय," असं प्रत्येक जण म्हणायचा आणि आपणच हा विनोद पहिल्यांदा केला अशा थाटात हसायचा. मी पेन ड्राइव्हना चिठ्ठ्या बांधून खिडकीत ओळीने मांडायचे, जसे डबे मांडायचे तसे. जो आधी आला त्याचं आधी. मध्ये घुसणाऱ्याला मी शेवटी टाकत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

यंत्राला मात्र बरं वाटत नव्हतं. दिवसभर घरघर चालायची. मी मनाशी म्हणायचे, छिन्नीने नव्याने टाकी लावलेला दगड पहिले चार दिवस असाच बोलतो.

सेक्रेटरींनीही दळण आणलं. इमारतीच्या सभांची अकरा वर्षांची इतिवृत्तं. "गोपनीय आहे, काकू, कुणाला दाखवू नका," म्हणाले. मी कुणाला दाखवलं नाही, फक्त स्वतः वाचलं. त्यात शेवटी माझ्याच विरुद्ध एका तक्रारीचा मसुदा होता, की अमुक खोलीतील रहिवासी निवासी जागेत विनापरवाना पिठाची गिरणी चालवतात, त्यामुळे हादरे, आवाज आणि गर्दी होते. म्हणजे तक्रार करणारा माणूस स्वतःची तक्रार दळायला माझ्याकडेच ठेवून गेला होता. मी ती नीट जपून ठेवली.

चार दिवसांनी पालिकेच्या कार्यालयातून निरीक्षक आले. हातात छापील अर्ज, काखेत फाइल, चेहऱ्यावर जेवणाची वेळ टळल्याचा भाव. त्यांनी पिठाचा कण शोधायला खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. जिन्यातली रांग पाहिली. पालथा डबा पाहिला, त्याला हात लावला, डबा थरथरत होता. मग विचारलं, "यंत्राची अश्वशक्ती किती?"

मी म्हटलं, हा लॅपटॉप आहे. ते म्हणाले, ते दिसतंय, पण अश्वशक्तीचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तेवढ्यात हे खाटेवरून गरजले, "दळण आणलंय का ह्यांनी? डबा कुठाय?" निरीक्षकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला वाटलं आता निरीक्षकही माझा हात दाबतात.

त्या अर्जात दोनच पर्याय होते. परवाना असलेली गिरणी आणि परवाना नसलेली गिरणी. मुळात गिरणीच नाही, असा पर्याय छापणाऱ्याला सुचला नव्हता. अर्धा तास विचार करून निरीक्षकांनी लिहिलं, "विनापरवाना, अश्वशक्ती अत्यल्प." मग लॅपटॉप मिटून त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर शिक्का मारला आणि सांगितलं की सुनावणी होईपर्यंत पट्टी फाडली तर गुन्हा. सुनावणी कधी? कळवण्यात येईल.

ते गेले आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे पाहत होते. मी हाताने खूण केली, बंद. ती खूण ह्यांना कळली.

अकरा दिवस गेले. पहिल्या दिवशी हे खूश होते. दगडाच्या भांडणात आता शेवटचा शब्द ह्यांचा राहणार होता. त्यांनी तो बोलूनही घेतला, दोनदा, आणि सगळ्या जिन्याने ऐकला. दुसऱ्या दिवशी कमी बोलले. पाचव्या दिवशी त्यांनी बटणांच्या डब्यातून कानातलं यंत्र शोधून काढलं, घातलं, माझ्या तोंडाकडे टक लावून बसले आणि काढून ठेवलं. आठव्या दिवशी पट्टीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "अगं, काहीतरी बोल की."

मी वही घेतली. माझं अक्षर ह्यांना लागेना. मी अंगठ्याएवढं काढायला गेले, तर एका पानात "तु" मावलं आणि "म्ही" पुढच्या पानावर गेलं. ह्यांनी दोन्ही पानं उन्हात धरून पाहिली आणि मान हलवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ते यंत्र कायमचं गेलं तर हा माणूस आणि मी एका खोलीत पुन्हा दहा खुणांवर येऊ, आणि त्यातल्या पाच पिठाच्या.

पट्टी निघाली ती माझ्या अर्जाने नव्हे. वार्षिक सभा तोंडावर आली आणि सेक्रेटरींना आठवलं की आपली अकरा वर्षांची इतिवृत्तं आपणच सील करायला लावलेल्या यंत्रात आहेत. भाच्याने आपल्याकडची नक्कल कधीच पुसून टाकली होती. ते घाम पुसत वर आले. म्हणाले, "काकू, गैरसमज झाला होता." मी मान खाली घातली. गाय म्हणून माझी ख्याती होती, ती मला त्या वेळी फार उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः कार्यालयात जाऊन लिहून दिलं की सदर गिरणी त्यांनी समक्ष पाहिली असून ती लॅपटॉप आहे. निरीक्षकांनी येऊन पट्टी सोलली आणि तिच्या मागच्या बाजूला माझी सही घेतली. सही मी दीड मिनिटात केली. ते थांबले.

लॅपटॉप उघडला, चालू केला. आतून खट, खट, खट असा आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही.

दुरुस्तीचं दुकान एका बाईंचं आहे. कपाळावर भिंग, हातात चिमटा, बोलणं मोजकं. मी लॅपटॉप गोणपाटासकट नेला होता. त्यांनी आधी गोणपाट दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, याला खालून श्वास घ्यायचा असतो. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी दाबली." मग विचारलं, ठेवता कशावर. मी सांगितलं. त्या भिंग वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. पालथ्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलं तर मच्छराचाही ढोल वाजेल, असं म्हणाल्या. मी त्यांना शांतपणे रिकाम्या दगडाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, हे त्यांचं मोठेपण.

"मावशी, ही चकती आहे, जातं नाही," त्या म्हणाल्या. "भरलेली असली तरी तेवढीच फिरते, रिकामी असली तरी तेवढीच. तुम्ही दिवसभर लोकांचं ओतत बसलात म्हणून ती दमली."

एक्केचाळीस वर्षांचा अनुभव एका वाक्यात निकालात निघाला. मी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, आतलं सगळं गेलं का. त्या म्हणाल्या, पाहते. चार दिवसांनी बोलावलं. प्रश्नपत्रिका अर्ध्या गेल्या होत्या. पोटाच्या फोटोंचं नुकसान झालं नव्हतं. इतिवृत्तांतली सात वर्षं गेली होती आणि तक्रारीचा मसुदा मात्र अक्षर न् अक्षर शाबूत होता. दोनशे दहा पानं सगळी मिळाली होती.

"आली का नीट ते बघायला थोडी वाचावी लागली," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, आणि मग खालच्या आवाजात, "दगड तुमच्या यजमानांनीच फोडला."

मला त्या बाई फार आवडल्या.

त्यांनी नवा भाग बसवला, त्यात काही फिरतच नाही. गुरगुर नाही, ताप नाही, थरथर नाही. जुनी चकती त्यांनी पुसून रिकामी केली आणि एका छोट्या पेटीत घालून, तिला तार लावून माझ्या हातात दिली. आठवण म्हणून ठेवा, पण तिच्यात आता काही साठवू नका, तिचा भरवसा नाही, असं सांगितलं.

मी विजयाने घरी आले. लॅपटॉप डब्यावर ठेवला, चालू केला, मोठ्या अक्षरांत टिपलं, "परक्या बाईनेही निकाल दिला. दगड तुम्ही फोडला." आणि वाट पाहत बसले.

हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आले नाहीत. मला वाटलं, हरल्यामुळे येत नाहीत. संध्याकाळपर्यंत मी पडदा उघडा ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जाऊन खांदा हलवला तर दचकून उठले आणि म्हणाले, "झालं का दुरुस्त? मला वाटलं, अजून बंदच आहे." मग येऊन पत्र्यावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "हे मेलंय गं."

तेव्हा मला कळलं. एवढी मी गिरणीवाली, पण ज्या थरथरीवर सगळी इमारत उठली, निरीक्षक आला, पट्टी लागली, ती ह्यांना माझी हाक होती. जगातला तेवढा एकच आवाज ह्यांना ऐकू येत होता, आणि तो मी मोठ्या हौसेने बंद करून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी चकती पेटीसकट पत्र्यावर ठेवली आणि तार लॅपटॉपला जोडली. तिच्यात काही नव्हतं. फोटो नाहीत, प्रश्नपत्रिका नाहीत, एक अक्षरही नाही. ती नुसती फिरायला लागली. पत्रा थरथरला, खाट थरथरली. हे उठून बसले आणि आले. वाचायच्या आधी त्यांनी तळवा पत्र्यावर ठेवला. ह्यांच्या हाताला काय कळतं ते मला माहीत आहे. डोळे मिटून म्हणाले, "दाणे नाहीत यात. रिकामी चालवतेस?"

मी टिपलं, "हो."

"मुद्दाम?"

मी टिपलं, "हो. तुम्ही यावं म्हणून."

ह्यांनी दुसराही तळवा पत्र्यावर ठेवला. मग ह्यांनी जे सांगितलं ते आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू सांगितलं, की ते जिन्यात कुणालाही ऐकू गेलं नाही. "त्या दिवशी मीच बाहेर गेलो होतो. ताई दारात आली होती."

भांडण संपलं. मला वाटलं होतं, जिंकल्यावर फार मजा येईल. तेवढी आली नाही, म्हणून आम्ही दुसरं शोधलं. पट्टा उलटा कुणी चढवला होता, हे. त्याची पुढे तीनशे पानं झाली. शिक्षिकाबाई एकदा चकतीखाली घालायला रबराचे तुकडे घेऊन आल्या, म्हणजे आवाज पूर्ण जाईल. मी ते घेतले, आभार मानले आणि कपाटाच्या पायांखाली घातले. सेक्रेटरी अधूनमधून वर बघतात, पण तक्रार करत नाहीत. त्यांचा तो मसुदा माझ्याकडे आहे.

रोज सकाळी नऊला मी चकती रिकामी चालवायचे. तिच्यात साठवायला काही नव्हतं आणि मला साठवायचंही नव्हतं.

नातीचं लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं. त्याच्या पुढच्या वर्षी, अकरा मार्चला, बुधवारी सकाळी नऊला मी चकती लावली. पत्रा थरथरला, खाट थरथरली. हे उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आठच्या सुमारास गेले. वय एक्क्याऐंशी.